समुद्र घरीं आणणारे गॉससाहेब

कांचेच्या पेटींत पाणी भरून त्यांत रंगीबेरंगी मासे सोडलेले आतां पुष्कळ घरांत, दवाखान्यांत व दुकानांत दृष्टीस पडतात. पाहणारा क्षणभर थांबतो, जवळच्या मुलास बोटानें मासा दाखवितो आणि आपल्या कामास लागतो. परंतु खारें पाणी घरांत ठेवून त्यांतील जीव जगविण्याची युक्ति कोणीं रूढ केली, तिच्यासाठीं किती खटपट करावी लागली, आणि तिच्यापायीं समुद्रकिनाऱ्याचें कल्याण झालें कीं नुकसान झालें, हा विचार फारच थोड्यांच्या मनांत येत असेल. ज्या सत्पुरुषाचें चरित्र आम्ही आज विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों, त्यांच्या आयुष्यांत ह्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें आढळतात. त्यांचें नांव फिलिप हेन्री गॉस. ते मोठे निसर्गशास्त्रज्ञ होते, उत्तम चित्रकार होते, श्रद्धाळू ख्रिस्ती होते, आणि कांहीं काळ आमच्यासारखे शाळामास्तरही होते.

फिलिपचा जन्म इंग्लंडांतील वूस्टर शहरीं ता. ६ एप्रिल १८१० रोजीं झाला. वडील थॉमस गॉस हे गांवोगांव फिरून लोकांच्या लहान आकाराच्या तसबिरी रंगवीत व त्यावर पोट भरीत. ह्या धंद्यांत प्राप्ति बेताची व तीही अनिश्चित. त्यामुळें संसाराचा गाडा मुख्यत्वें आई हन्ना हिलाच ओढावा लागे. पुढें हें कुटुंब डॉर्सेट परगण्यांतील पूल ह्या बंदरीं राहावयास आलें. वडिलांपासून फिलिपास बारीक कुंचल्यानें ठिपका ठिपका जोडून चित्र काढण्याची हातोटी मिळाली. दुसरी देणगी त्याच्या आत्याची. सुझन बेल ही त्याची आत्या पूल येथेंच राही. सुरवंटाचें फुलपांखरूं कसें होतें हें तिनें त्यास दाखविलें, आणि खडकावरचें समुद्रपुष्प घरीं आणून खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत ठेवल्यास कांहीं दिवस जिवंत पाहावयास मिळतें, हेंही तिनेंच शिकविलें. तिचा मुलगा थॉमस बेल पुढें प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ झाला. पोराच्या प्रश्नास कंटाळून त्यास गप्प न बसवितां त्याच्याबरोबर ओणवें होऊन पाहणारें एखादें वडील माणूस घरांत असणें ही केवढी मोठी इस्टेट आहे, हें ह्या आत्याच्या उदाहरणावरून दिसून येतें.

गरिबीमुळें फिलिपचें शिक्षण लौकर आटोपलें. पंधराव्या वर्षीं तो पूल येथील एका पेढीवर कारकून झाला, आणि १८२७ सालीं समुद्र ओलांडून न्यूफौंडलंड बेटांतील कार्बोनिअर गांवीं एका व्यापारी पेढीच्या कचेरींत चाकरीस गेला. तो गांव म्हणजे मासे, मीठ, लांकडाचीं घरें आणि लांबलचक हिवाळा. १८३२ सालीं एका लिलावांत सूक्ष्मदर्शक यंत्राविषयींचें एक जुनें पुस्तक त्यानें विकत घेतलें. त्या दिवसापासून त्यानें कीटकांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. त्याच वर्षीं त्याच्या मनांत धर्माविषयीं खोल जागृति झाली. सृष्टीचें निरीक्षण व ईश्वराची भक्ति ह्या दोन धारा त्याच्या आयुष्यांत एकाच सालीं उगम पावल्या आणि शेवटपर्यंत एकत्र वाहिल्या. त्यांचा संगम कधीं शांत होता, कधीं त्यांत भोंवरेही पडले.

१८३५ सालीं मित्रांबरोबर तो कॅनडांतील कॉम्प्टन येथें शेती करावयास गेला. शेती कांहीं साधली नाहीं. पण शेताच्या बांधावरचे पक्षी, किडे व रानफुलें ह्यांच्या टिपणांनीं त्याच्या वह्या भरून गेल्या. १८३८ सालीं तो दक्षिणेकडे अलाबामा संस्थानांत गेला व प्लेझंट हिल गांवाजवळ मळेवाल्यांच्या मुलांस शिकवूं लागला. तेथील फुलपांखरांचीं त्यानें काढलेलीं रंगीत चित्रें आजही नांवाजलीं जातात. परंतु त्या मळ्यांवर गुलामांना जी निर्दय वागणूक मिळे ती पाहून त्याचें मन विटलें. आठ महिन्यांनीं त्यानें तें ठिकाण सोडलें व १८३९ च्या आरंभीं तो इंग्लंडास परतला. वय अठ्ठावीस, खिसा रिकामा, हातांत पदवी नाहीं. होतें तें फक्त जहाजावर लिहिलेल्या पुस्तकाचें हस्तलिखित. आतेभाऊ थॉमस बेल ह्यांच्या साहाय्यानें तें ‘कॅनडांतील निसर्गशास्त्रज्ञ’ ह्या अर्थाच्या नांवानें १८४० सालीं छापून निघालें. लंडनजवळ हॅक्नी येथें लहानशी शाळा चालवून त्यानें कांहीं वर्षें पोट भरलें.

येथून पुढें त्यांचा उल्लेख आम्ही गॉससाहेब असाच करूं. कारण लेखणीच्या बळावर त्यांनीं तो मान मिळविला. १८४४ सालीं पक्षी, कीटक व शंख जमविण्याच्या कामगिरीवर ते जमेका बेटास गेले. तेथें दीड वर्ष राहून त्यांनीं पुष्कळ संशोधन केलें. सॅम्युअल कॅम्बेल नांवाचा कृष्णवर्णी तरुण त्यांचा साहाय्यक होता, आणि रिचर्ड हिल हे तेथील विद्वान गृहस्थ त्यांचे साहाय्यकर्ते होते. ह्या दोघांचें ऋण गॉससाहेबांनीं आपल्या ग्रंथांत मोकळ्या मनानें मान्य केलें. त्या काळीं अनेक गोरे संग्राहक दुसऱ्याचे कष्ट आपल्या नांवावर मांडीत; ह्या दृष्टीनें ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १८४८ सालीं एमिली बोज ह्या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. त्या स्वतः लेखिका होत्या, व धर्मपर पत्रकें लिहीत. १८४९ सालीं त्यांस एडमंड हा मुलगा झाला. त्या दिवशींच्या रोजनिशींत पुत्रजन्माची नोंद आणि जमेकाहून आलेल्या हिरव्या पाकोळीची नोंद एकापाठोपाठ केलेली आहे. वाचकांस हंसूं येईल. परंतु ज्यास सर्वच सृष्टि ईश्वराची देणगी वाटते, त्याच्या वहींत अशा नोंदी शेजारीं शेजारीं बसावयाच्याच.

सूक्ष्मदर्शकापाशीं रात्रंदिवस बसून व लेखनाचे अपार श्रम करून गॉससाहेबांची प्रकृति ढांसळली. हवा पालटण्यासाठीं १८५२ सालच्या जानेवारींत ते सहकुटुंब डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यास गेले. प्रथम टॉर्कीजवळील सेंट मेरीचर्च येथें व नंतर उत्तर किनाऱ्यावर इल्फ्राकूंब येथें त्यांचा मुक्काम होता. ज्यांचें बालपण कोंकणांत गेलें आहे त्यांस सांगावयास नकोच कीं अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाणी जितकें वर चढतें, तितकेंच ओहोटीस खालीं उतरतें, आणि एरवीं कधीं न दिसणारे खडक उघडे पडतात. गॉससाहेब ह्याच वेळा साधीत. हातोडी, छिन्नी, टोपली व बरण्या घेऊन ते गुडघाभर पाण्यांत उतरत, खडकांतील डबक्यांवर ओणवे होत, आणि भरतीचें पाणी मागून चढूं लागे तोंपर्यंत पाहत राहत. तांबड्या-हिरव्या शेवाळांच्या झालरी, पाकळ्या पसरलेलीं समुद्रपुष्पें, तारामासे, खेंकडे, आणि त्या सर्वांत चित्त वेधून घेणारी बिनशंखाची समुद्री गोगलगाय, हा त्यांचा खजिना.

ह्या शेवटच्या प्राण्याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण त्याच्यांतच आमच्या कथेचें मर्म आहे. गोगलगाय म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पावसाळ्यांत भिंतीवर सरपटणारा मळकट जीव येतो. समुद्रांतील ही तिची चुलत बहीण मात्र जणूं नववधूच्या साजांत वावरते. अंड्यांतून निघतांना तिच्या अंगावर इवलासा शंख असतो. वाढतांना ती तो टाकून देते व उघड्या अंगानें राहते. डोरिस म्हणून जी जात आहे तिच्या पाठीवर मागील बाजूस कल्ल्यांचा तुरा फुलासारखा उमलतो, आणि धक्का लागतांच मिटून आंत जातो. ईओलिस म्हणून जी जात आहे तिच्या पाठीवर मऊ, रंगीत बोंडांच्या रांगा असतात. डोक्यावर दोन शिंगें असतात. त्यांनीं ती पाण्यांतील वास घेते. पिंवळा, नारिंगी, जांभळा, निळा, असे तिचे रंग. परंतु तिच्या डोळ्यांस उजेड आणि अंधार ह्यांपलीकडे फारसें कांहीं कळत नाहीं. आपलें रूप तिला स्वतःला कधींच दिसत नाहीं. तो भडक रंग पुष्कळदां माशांना दिलेला इशारा असतो, कीं हा घांस कडू आहे. जोशुआ ऑल्डर व ऑल्बनी हॅन्कॉक ह्या दोन इंग्रज संशोधकांनीं ह्याच सुमारास, १८४५ ते १८५५ ह्या काळांत, ब्रिटिश समुद्रांतील अशा गोगलगाईंवर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळें निसर्गशास्त्रज्ञांच्या मंडळींत त्यांविषयीं कुतूहल वाढलें होतें. मेलेली गोगलगाय दारूच्या बाटलींत ठेवली तर तिचा रंग उडतो व आकार आक्रसतो; ती पाहावयाची तर जिवंतच पाहिली पाहिजे. म्हणून तिला घरांत जिवंत कसें ठेवावें, हा प्रश्न गॉससाहेबांपुढें उभा राहिला.

प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. भांड्यांत आणलेलें समुद्राचें पाणी दोन-तीन दिवसांत नासे, आणि त्यांतील प्राणी मरत. लंडन शहर समुद्रापासून दूर. रोज नवें पाणी आणावें कोठून? ॲना थिन नांवाच्या बाईंनीं १८४६ सालीं टॉर्कीहून पोवळीं लंडनास नेऊन तीं जगविलीं होतीं. परंतु त्यासाठीं त्यांच्या मोलकरणीस उघड्या खिडकीपाशीं उभें राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत पुन्हां पुन्हां ओतावें लागे. रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं गोड्या पाण्यांतील मासे, वनस्पति व गोगलगाई एकत्र ठेवून त्यांचा तोल कसा साधतो हें दाखविलें. प्राणी श्वासावाटे प्राणवायु घेतात व कर्बाम्ल वायु सोडतात. वनस्पति उजेडांत नेमकें उलट करतात. दोहोंचें प्रमाण जुळलें तर पाणी न बदलतां दोघेही जगतात. हेंच तत्त्व गॉससाहेबांनीं समुद्राच्या पाण्यास लावून पाहिलें, आणि १८५२ सालीं आपल्या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

त्यांची पद्धत साधी पण काटेकोर होती. शेवाळ उपटून आणलें तर तें कुजतें. म्हणून ज्या दगडास तें चिकटलें असेल त्या दगडाचा टवका छिन्नीनें काढून तो तसाच पाण्यांत ठेवावयाचा. हिरवीं व तांबडीं शेवाळें चालतील. मोठीं तपकिरी शेवाळें बुळबुळीत होऊन पाणी बिघडवितात, म्हणून तीं नकोत. पाण्याची वाफ होते पण मीठ मागें राहतें. म्हणून पातळी उतरेल तितकें गोडें पाणीच वर घालावयाचें. कांचेवर हिरवा थर धरला तर तो चाटून साफ करण्यासाठीं शंखधारी गोगलगाई सोडावयाच्या. मेलेला जीव तत्काळ बाहेर काढावयाचा, नाहींतर एकामागून एक सर्व मरतात. पुढें १८५४ सालीं त्यांनीं साधें मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार गोड्या पाण्यांत मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची रीतही दिली. त्यामुळें समुद्र ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं अशा गांवांतूनही ही पेटी ठेवणें शक्य झालें.

१८५३ सालच्या मे महिन्यांत लंडन येथील प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय म्हणून त्याची गणना होते. त्याच्या खाऱ्या पाण्याच्या पेट्यांसाठीं पुष्कळसे जीव गॉससाहेबांनींच वेमथ येथून जमवून पाठविले. १८५४ सालीं त्यांचा ‘ॲक्वेरियम’ हा ग्रंथ बाहेर पडला. लॅटिन भाषेंत ज्या शब्दाचा अर्थ गुरांची पाणी पिण्याची जागा असा होता, तो त्यांनीं ह्या पेटीस लाविला, आणि आज तोच शब्द सर्व जगाच्या तोंडीं आहे. त्यांतील रंगीत चित्रें त्यांनीं स्वतः काढलीं. वडिलांच्या कुंचल्याची विद्या येथें फळास आली. कांचेवरील कर १८४५ सालींच उठला होता, आणि आगगाड्यांनीं किनारा जवळ आणला होता. पाहतां पाहतां घरोघरीं समुद्राच्या पेट्या दिसूं लागल्या. गॉससाहेब इल्फ्राकूंबच्या किनाऱ्यावर स्त्रीपुरुषांचे वर्ग घेऊं लागले. शाळा कांचेच्या भिंतींतून पुन्हां खडकांवर आली. १८५६ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद करून घेतलें. ज्यानें कॉलेजाचें तोंड पाहिलें नव्हतें त्याचा हा बहुमान होता.

आतां समुद्री गोगलगाईचें काय झालें? समुद्रपुष्पें पेटींत महिनोन्महिने जगत; गोगलगाई मात्र बहुधा पाहुण्यासारख्या राहत. ती कांचेवरून संथपणें चाले, तेव्हां तिच्या पायाचें तळ पाहतां येई. ती अंड्यांची पांढरी फीत कांचेवर गुंडाळीसारखी चिकटवी, आणि तींतील हजारों अंड्यांतून सूक्ष्म पिलें गरगर फिरत बाहेर पडतांना सूक्ष्मदर्शकाखालीं दिसत. परंतु थोड्याच दिवसांत ती मरे. ह्याचें कारण आज आपणांस ठाऊक आहे. ह्या प्राण्यांचें खाणें फार नेमकें असतें. एक जात एकाच प्रकारच्या स्पंजावर जगते, दुसरी एखाद्या विशिष्ट समुद्रपुष्पावर. तें अन्न नसेल तर ती दुसरें कांहीं न खातां आक्रसत जाते व प्राण सोडते. ज्या जाती समुद्रपुष्पें खातात त्यांस पेटींत अन्न मिळतें खरें, पण मग पेटीच्या धन्याचीं आवडतीं पुष्पें नाहींशीं होतात. मोठें नवल असें कीं, ईओलिस जातीची गोगलगाय समुद्रपुष्पाच्या विषारी दंशपेशी खाऊन पचवीत नाहीं. त्या ती आपल्या पाठीवरील बोंडांच्या टोकांशीं जशाच्या तशा सांठविते, आणि शत्रूवर त्यांचाच वापर करते. ह्या पेशी तिच्या स्वतःच्या नसून भक्ष्याकडून घेतलेल्या आहेत, हें ग्रोव्हनर ह्या संशोधकानें १९०३ सालीं प्रयोगानें दाखविलें. शिवाय पुष्कळ जातींचें आयुष्यच वर्षाच्या आंत-बाहेर असतें, आणि पिलांस वाढण्यासाठीं मोकळा समुद्र लागतो.

आजच्या काळीं विजेचे पंप आहेत, पाणी गाळण्याचीं यंत्रें आहेत, क्षार मोजण्याचीं साधनें आहेत. तरीसुद्धां केवळ रंगास भुलून बाजारांतून आणलेली समुद्री गोगलगाय बहुतकरून उपाशीच मरते. किंवा पंपाच्या नळींत ओढली जाते, आणि तिचें प्रेत इतर जीवांस घातक ठरतें. बर्गिया नांवाची लहान जात तेवढी शौकीन लोक जाणून-बुजून पाळतात. कारण ऐप्टेशिया नांवाचें जें समुद्रपुष्प पेटींत तणासारखें माजतें तेंच तिचें अन्न आहे, व तिची पैदासही पेटींत करतां येते. परंतु तण संपलें कीं तिचीही उपासमार ठरलेली. तात्पर्य, ज्यास हा जीव ठेवावयाचा आहे त्यानें आधीं त्याच्या ताटांत काय वाढावयाचें हें ठरविलें पाहिजे. तें ठरवितां येत नसेल तर त्यास हात न लावणें हीच खरी दया.

गॉससाहेबांच्या भरभराटीवर १८५७ सालीं दुःखाचे दोन आघात झाले. कर्करोगानें कित्येक महिने यातना सोसून एमिलीबाई फेब्रुवारी महिन्यांत परलोकवासी झाल्या. आठ वर्षांचाही न झालेला मुलगा व खचलेला पिता मागें राहिले. त्याच वर्षीं त्यांनीं ‘ओम्फॅलॉस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ बेंबी. खडकांच्या थरांवरून पृथ्वी अतिप्राचीन असल्याचें भूगर्भशास्त्र सांगत होतें. बायबलाच्या अक्षरशः अर्थाशीं त्याचा मेळ बसत नव्हता. गॉससाहेबांनीं असा तर्क मांडिला कीं, झाड निर्माण होतांच त्यांत वर्षांचीं वलयें असावयाचींच, व पहिल्या मनुष्यास बेंबी असावयाचीच. तद्वत् पृथ्वीही भूतकाळाच्या खुणांसह निर्माण झाली. ह्या ग्रंथानें दोन्ही पक्षांचें समाधान होईल अशी त्यांची उमेद होती. तें तर झालें नाहींच, उलट दोघांनींही तो दूर सारिला. त्यांचे स्नेही चार्ल्स किंग्स्ली हे पाद्री असूनही त्यांना तो पटला नाहीं. ईश्वर खडकांवर असत्य कोरून ठेवील हें त्यांस मान्य होईना. आमच्या मतें किंग्स्लींचा आक्षेप योग्यच होता. ज्या डोळ्यांनीं डबक्यांतील सत्य इतक्या प्रामाणिकपणें पाहिलें, त्यांनीं खडकांतील सत्यास मात्र आडवळण दिलें. तथापि ज्या मतावर विश्वास आहे तें, लोक हंसतील हें जाणूनही, उघडपणें मांडणारा मनुष्य ढोंगी नव्हता, एवढें त्यांच्या विरोधकांसही कबूल करावें लागेल.

त्या सालच्या शरदृतूंत ते मुलाला घेऊन सेंट मेरीचर्च येथें कायमचे राहावयास गेले. तेथें त्यांनीं ब्रिटिश समुद्रपुष्पें व पोवळीं ह्यांवरील आपला श्रेष्ठ ग्रंथ १८६० सालीं पुरा केला. त्याच वर्षीं एलायझा ब्राइटवेन ह्यांच्याशीं त्यांचा दुसरा विवाह झाला, व घरास पुन्हां घरपण आलें. पुढें त्यांनीं ऑर्किडें वाढविलीं, त्यासंबंधीं डार्विन ह्यांच्याशीं पत्रव्यवहार केला, आणि वयाच्या पंचाहत्तरीनंतर हडसन ह्या संशोधकाच्या सोबतीनें रोटिफेर नांवाच्या सूक्ष्म जलजीवांवरील ग्रंथास हातभार लाविला. तो १८८६ सालीं प्रसिद्ध झाला. मुलाचें मन मात्र हळूहळू पित्याच्या कडक धर्ममतापासून दूर गेलें. एडमंड मोठा साहित्यिक झाला. पित्याच्या मृत्यूनंतर त्यानें १८९० सालीं त्यांचें चरित्र लिहिलें, आणि १९०७ सालीं पितापुत्रांच्या मतभेदाची हकीकत सांगणारा दुसरा ग्रंथ लिहिला. ता. २३ ऑगस्ट १८८८ रोजीं गॉससाहेबांनीं वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं देह ठेविला.

त्यांच्या उत्तरायुष्यांतील एक दुःख ह्या सर्वांहून वेगळें होतें, आणि तेंच आम्हांस अधिक विचार करावयास लावितें. त्यांच्या पुस्तकांनीं हजारों लोक किनाऱ्याकडे वळले. पण सर्वांनींच त्यांच्याप्रमाणें ओणवें होऊन पाहिलें नाहीं; पुष्कळांनीं केवळ लुटलें. बादल्या व छिन्न्या घेतलेल्या झुंडी खडक खरडूं लागल्या. पेटींत चार दिवस शोभून मरण्यासाठीं समुद्रपुष्पें, गोगलगाई, तारामासे ह्यांच्या टोपल्या भरून जाऊं लागल्या. वर्षानुवर्षें कोणीं स्पर्श न केलेलीं डबकीं उजाड झालीं. एडमंडनें आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे कीं, हा विध्वंस आपल्याच पुस्तकांतून निघाला हें वडिलांच्या ध्यानांत आलें, आणि त्याचें त्यांस फार वाईट वाटलें. १८६० नंतर ही हौस ओसरली, पेट्या माळ्यावर गेल्या. पण खरडलेले खडक लगेच पूर्वीसारखे झाले नाहींत. ईश्वराची कृति लोकांस दाखवावी ह्या पवित्र हेतूनें ज्यानें पडदा दूर केला, त्याच्या डोळ्यांदेखत ती कृति पायदळीं तुडविली गेली. ह्यांत त्यांचा दोष किती व लोकांचा किती, हें वाटून देणें कठीण आहे. परंतु ज्ञान देणाऱ्यानें ज्ञानाबरोबर संयमही शिकविला पाहिजे, हा धडा शिक्षकांनीं विसरतां कामा नये. वस्तु कशी मिळवावी एवढेंच सांगून भागत नाहीं. ती कोठें सोडून द्यावी हेंही सांगितलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळ जण सुटींत रत्नागिरी, मालवण किंवा मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर जातात. तेथील डबक्यांतही समुद्रपुष्पें आहेत, आणि नशीब असेल तर नखाएवढी रंगीत गोगलगाय शेवाळावरून चालतांना तुम्हांस दिसेल. गॉससाहेबांचा गुण घ्यावयाचा तर ओहोटीची वेळ पाहून जा, सांवली पाण्यावर पडूं न देतां गुडघ्यांवर बसा, आणि दहा मिनिटें न बोलतां पाहा. दगड उलटलात तर तो पूर्ववत् ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूस ज्यांचें घर आहे ते उन्हानें मरतात. दिसेल त्याचें चित्र काढा, तारीख घाला, ओहोटी किती होती तें लिहा. अशा वहीची पन्नास पानें भरलीं म्हणजे एखाद्या संशोधकास तिचा उपयोग होईल, आणि न झाला तरी तुमचे डोळे तुमच्या उपयोगीं पडतील. गोगलगाय मात्र जेथें असेल तेथेंच राहूं द्या. तिचें ताट तिथेंच वाढलेलें आहे, आणि दुसऱ्या दिवशीं तुमच्या धाकट्या भावंडांस ती तिथें दिसली पाहिजे.